मार्फत

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
आठ बाय दहा, दोन मशिनं, त्यातलं एक कायम आजारी.
रात्री शटर ओढलं की
पायरीवर बादलीभर पाणी ओतायचो.
धूळ बसावी म्हणून, असं बायकोला सांगायचो.
खरं म्हणजे
ठगूबाई बसू नये म्हणून.

पौषात धुळ्याचा गारठा हाडात शिरतो.
पांझरेकडून वारा सुटला की कुत्रीसुद्धा
बेकरीच्या भट्टीमागे जातात.
ओली पायरी बघून ती उभी राहायची जरा वेळ,
गोणपाट काखेत धरून,
आणि मग कुठे जायची
ते मी कधी बघितलं नाही.
बघायचं नाही, असं ठरलेलंच होतं माझं.

मग वैशाख आला. पारा चव्वेचाळीसवर.
सवयीनं बादली ओतली,
तर ती त्या ओल्या फरशीवरच बसली, तळवे टेकून,
म्हणाली,
"बरं करं भाऊ. गार व्हयनं."

त्या रात्री कळण्याची भाकरी
तोंडातल्या तोंडात फिरत राहिली.

सकाळी तिला आत बोलावलं, पंख्याखाली.
फॉर्म काढला.
नाव: ठगूबाई बारकू मोरे.
वय: बहात्तरच्या दुष्काळात चालायला लागले होते, म्हणाली,
मी बोटांवर हिशेब केला.
पत्ता.
रोज दोनशे माणसांचे पत्ते मी
दोन-दोन रुपयांत काढून देतो, पुढून, मागून,
आणि या एका रकान्याशी पेन अडलं.
लिहिलं: मार्फत, सुपडू देवरे.
म्हणजे मी.

बाकीचं एकट्याचं काम नव्हतं.
स्टॅम्पवाल्या नसरीन आपांनी पैसे घेतले नाहीत,
"पुढच्याकडून घेईन हां" असं बजावून.
झुलाल भामरेंची मागची खोली तीन वर्षं बंद,
आत कूलरचे सांगाडे.
"उद्या काही झालं तर?"
काय होईल?
"काहीतरी होतंच."
चहावाला हिलाल म्हणाला, भाडं थकलं तर माझ्याकडे या.
तसं कागदावर लिहिलं. खाली सात सह्या.
भामरेंनी कागद उलटा करून मागचीही बाजू वाचली,
ती कोरी होती.
कूलर आम्हीच उचलले.

हिलालकडे ती कप धुते आता, दुपारपर्यंत, रोख.
भाडं दोनदा थकलं.
एकदा तर चार दिवस परत स्टँडवर जाऊन झोपली.
आणायला गेलो, तर म्हणाली, खोलीत आवाजच नसतो.
यावर कुणाकडे उपाय नव्हता.
भामरेंची नात तिच्या दारात बसून पाढे म्हणू लागली,
तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं पहिलं कार्ड पोस्टमननं माझ्याकडे आणलं.
"ही ठगूबाई कोण?"
आमच्याच, म्हटलं.

परवा आली, मुठीत चावी.
"इनी झेरॉक्स निंघस का?"
मी हसलो, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे पाठवलं.
परतली, आणि नवी चावी माझ्याच ड्रॉवरमध्ये टाकली.
"मनी हरपनी ते? कोनाजोडे तरी राहू दे."
सुट्टे शोधताना ती हाताला लागते.

काल रात्री पायरीवर एक पोरगा होता,
छातीशी शाळेची जुनी बॅग.
बादली भरलेली होती.
ती आत नेऊन ठेवली,
शटर अर्धं वर केलं
आणि पेन शोधायला लागलो.