पाठभेद

मे महिन्यात पोथी सोडू नये, कागद तडकतो,
असं बाबा म्हणायचे.
मी मेमध्येच सोडली.
विद्यापीठाला सुट्टी तेव्हाच असते.

मठाच्या मागच्या खोलीत कूलर आहे, वीज नाही.
बाहेर संत्र्याच्या बागेत कुणीतरी
टँकरचा नळ अर्धवट बंद करून गेलंय.
रुमालाची शेवटची गाठ बाबांनी मारलेली,
अजून तशीच हट्टी.
आत लिंबाचा वाळका पाला, कसरीनं खाल्लेला समास,
आणि आमची लिपी,
जिच्यात क म्हणजे क नसतो.
ती मला गोदाइसांनी शिकवली, राखेत, काडीनं.
शाळेतला बाराखडीचा तक्ता नंतर आला
आणि मला तोच गुप्त वाटला.

तिसरं पान, सातवी ओळ.
रोज पहाटे म्हणत आलोय:
गीत उरलें तें तुझें.
नागपूरच्या भाड्याच्या खोलीत म्हटली,
तोंडी परीक्षेआधी जिन्यात उभं राहून म्हटली,
आईला नेलं त्या सकाळीही, चाल न मोडता.

इथे लिहिलंय शीत.

मोबाईलचा उजेड पानामागून धरला.
खोडलेलं नाही, गिरवलेलं नाही.
कारंज्याची प्रत काढली: शीत.
दारव्ह्याची, जी एका घरात तांदळाच्या कोठीत सापडली
आणि जिला अजून तो वास आहे: शीत.
आमच्या लिपीत श ला एक आकडी असते.
आम्ही पाठ केली त्या प्रतीत
कुणाची तरी ती द्यायची राहिली.
भुकेला असेल, किंवा नुकताच जेवलेला.
दोनशे वर्षं आम्ही
त्या राहिलेल्या आकडीला चाल लावून म्हणतोय.

शिरभाते सर विचारतात,
तुम्ही ही पोथी तपासता की मानता?
मला प्रश्नच नीट कळत नाही.
विहिरीचं पाणी तपासणाऱ्याला
तहान लागू नये, असा काही नियम आहे का?

आणि इकडे सारंगराज, माझ्याहून वीस वर्षांनी लहान,
काळ्या वस्त्राचा काठ सावरत म्हणतो,
शिकून आलं की पोरगं आधी
आपल्याच देवाच्या चुका काढतं.
देवाच्या नाही, म्हटलं, नकलणाऱ्याच्या.
तो म्हणाला, आम्हाला दोघांचं अक्षर सारखंच.
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

गोदाइसा ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, बोटांनी;
डोळे गेले त्याला आठ वर्षं झाली.
दंडवत घातला, सांगितलं.
खडा हातात तसाच धरून म्हणाल्या,
"शीतच असंन बापा.
गाणं कोन उष्टं ठेवते? उष्टं त भाताचंच रायते."
मग खडा टाकला.
"पन मले काहून सांगून रायला?
माह्या तोंडात बसलं ना आता ते."

रात्री तळटीप लिहिली.
मूळ पाठ शीत; रूढ पाठ गीत, लेखकप्रमाद.
प्रमाद हा शब्द तीनदा खोडला, तीनदा लिहिला.

पहाटे सगळे बसलो.
सातवी ओळ आली तसा सारंगराज
डोळे उघडून माझ्या ओठांकडे बघायला लागला.
मी गप्प राहिलो. मला ऐकायचं होतं.
गोदाइसा न थांबता पुढे गेल्या,
आणि दात नसलेल्या त्या तोंडातून
ग आला की श,
शपथेवर सांगता येणार नाही.

प्रतींच्या यादीत शेवटी एक नोंद वाढवली आहे:
गो. — मौखिक, अखंड.
सातवी ओळ अस्पष्ट.