सोमवारी डावीकडे

सोमवारी डावीकडे, गुरुवारी उजवीकडे.
कमरेखाली, जिथं परकराची गाठ बसायची
त्याच्याही चार बोटं खाली.
दहा सेकंद तळहातानं दाबून धरा,
असं पाकिटातल्या कागदावर लिहिलंय.
मी वीस मोजते. माझा डिंकावर विश्वास नाही,
तीस वर्षांच्या टिकल्यांनी तो घालवलाय.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा पॅच म्हणाल्या
तेव्हा मला ठिगळच ऐकू आलं.
आई म्हणायची, आभाळच फाटलं
तर ठिगळ कुठं कुठं लावणार?
हे तर दोन इंचांचंही नाही, आरपार दिसणारं.
आणि आभाळ म्हणजे अ‍ॅबर्डीनचं,
दुपारी साडेतीनला मिटणारं.

त्याआधीचं वर्ष सांगण्यासारखं नाही.
जानेवारी, बाहेर उणे चार,
आणि मी स्वयंपाकघरातल्या लादीवर पाठ टेकून आडवी.
बेंबीतून निघालेली आच गळ्यातून वर,
थेट कानांच्या पाळ्यांपर्यंत.
एक पाळी गेली आणि या दोन पेटल्या.
अंगाची लाही लाही म्हणतात ना,
मी एकेक लाही फुटताना ऐकली.
यशोधन दारात, अंगावर दोन स्वेटर.
हीटिंग बंद करू का?
बिचारा. बंदच होतं ते.

मग शब्द जायला लागले.
ते हातात धरलेलं, भोकाभोकांचं,
ज्यातून पीठ... तो म्हणाला, सीव्ह.
मला सीव्ह नको होतं.
रात्री दोन वाजता चाळणी आठवली,
आणि मी त्याला उठवून सांगितलं.

मी माशांची वयं वाचते. नोकरीच आहे ती.
हॅडकच्या कानात एक खडा असतो,
चिरून भिंगाखाली धरला की वलयं दिसतात.
एक वलय, एक हिवाळा.
त्या वर्षी मी सात लिहिलेला मासा
मोराग पाच म्हणाली, आणि पाचच होता.
दुपारी मी शीतगृहात जाऊन उभी राहायची,
उणे वीसमध्ये, खोक्यांच्या रांगांत,
नमुना शोधतेय असं दाखवत.
एकदा मोराग तिथं आधीच उभी.
तिच्याही हातात काहीच नव्हतं.
बराच वेळ आमच्या तोंडांची वाफ तेवढी बोलली.
मग तिनं पँटचा पट्टा बोटभर खाली सरकवला
आणि दाखवलं.

आईचं कधी गेलं, मला ठाऊक नाही.
कावळा शिवायचा ते तीन दिवस
अख्ख्या घराला कळायचे.
तो यायचा थांबला, ते कुणालाच नाही.
रात्री उठून ती मोरीच्या कट्ट्यावर बसायची,
मानेवर ओला पंचा,
आणि बाबा म्हणायचे, हल्ली हिचं डोकं फिरलंय.
मी बारावीला. माझा अभ्यास मोडायचा.
मीही म्हणाले असेन.

गेल्या शनिवारी पॅच हरवला.
चादरी झटकल्या, उशीचे अभ्रे उलटे केले,
आणि तो सापडला यशोधनच्या पाठीवर,
खांद्याच्या पात्याखाली, छान चिकटलेला.
मला काही होईल का? तो खरंच घाबरला होता.
रडू येईल, म्हटलं. विनाकारण.
सवय कर.

मी बरी आहे. म्हणजे झोपते.
मासे बहुतेक बरोबर मोजते.
गुडघा दुखतो तो दुखतोच, त्याला डिंक चालत नाही.
पॅच काढला की कातडीवर राहतं
करड्या रंगाचं एक वलय.
खोबरेल लावून घासते, पुरतं जात नाही,
त्यावर अर्धं चढलेलं पुढच्या आठवड्याचं.
दिव्याखाली वाकून पाहिलं तर
कातडी काहीतरी लिहून ठेवतेय असं वाटतं.
मोराग किती म्हणेल?

आज गुरुवार. उजवीकडे.
अकरा, बारा.
खालून यशोधनची हाक,
अगं, चाळणी कुठं ठेवलीस?
तेरा.
थांब जरा, हात अडकलाय.