नको शेवटी येतं

पुंता अरेनासला वारा सुटला की
रस्त्याकडेला दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी तिथल्या गोदीत एक हिवाळा काढला,
जहाजांच्या रंगाचे डबे मोजत.
पहिल्याच आठवड्यात कळलं,
वारा वाक्याचं शेपूट खातो.

मनातल्या मनात मराठीत ओरडून पाहिलं:
दोर सोडू नको.
शेवटचा शब्द वाऱ्यानं नेला तर उरतं काय?
दोर सोडू.
त्यांच्या स्पॅनिशमध्ये 'नो' आधी येतो, बाकीचं मागून.
वाटलं, अशा भाषेत माणसं सुखी असणार,
निदान बोटं तरी शाबूत असणार.

येर्कोच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत.
पाच होती. जूनपर्यंत.

मिलेन्का बारिया तेव्हा नुकती मुकादम झाली होती.
सकाळी सातला, मिट्ट अंधारात,
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची
आणि विचारायची, सगळं ठीक?
ठीक, म्हणायचा येर्को.
ठीक, म्हणायचा वेल्डर ओस्वाल्दो, तोंडावरची काच ओढत.
सत्तर वेळा ठीक, आणि मग कॉफी.

पोलादी दोर चार दिवस उसवत होता. येर्कोला ठाऊक होतं.
इस्पितळात तिनं विचारलं, बोलला का नाहीस?
बँडेजकडे बघत तो म्हणाला,
तू मला विचारायचीस, ठीक का. मी ठीकच होतो.
दोराची चौकशी कुणी केली?

हे वाक्य तिनं घरी नेलं. पचलं नाही.

त्यानंतरचे तिचे प्रश्न मी या कानांनी ऐकलेत.
काल कुठला आवाज नवा होता?
ब्रेकवर पाय किती दाबावा लागला, दाखव.
तुझा मुलगा असता तर आज त्याला या विंचवर बसवलं असतंस?
शेवटचा फार लागट होता. तो तिनं पुन्हा विचारला नाही.
विचारून झालं की गप्प राहायची,
हातमोज्याचे टाके मोजत,
इतका वेळ की समोरचा अवघडून
खरं बोलून जायचा.

मग सान्तियागोहून कंपनीची माणसं आली
आणि तिनं चार शब्द बोलावेत असं ठरलं.
तिनं चार पानं लिहिली. पहिल्या अर्ध्या पानात नुसते आभार.
कॅन्टीनचा पत्रा वाजत होता, माईकला खोकला झाला होता,
तिच्या गुडघ्यांचं तर विचारू नका.
तिसऱ्या ओळीला जीभ टाळ्याला चिकटली.
मागे कुणाचा तरी चमचा पडला.
तिनं पानं खिशात कोंबली,
वीतभर तुटका दोर काढला, पहिल्या बाकावर दिला.
पुढे द्या, म्हणाली.
भाषण म्हणतात ते तेवढंच झालं.

दोर हातोहात फिरला.
मोठ्या साहेबांनी तो बशीशेजारी ठेवला,
आणि तार टोचल्यावर नीट पाहिला.
शेवटच्या बाकावर येर्कोनं तो तीन बोटांत फिरवला,
नाकाशी नेला,
आणि उभा राहिला. येर्को, जो स्वतःच्या लग्नातही
दोन शब्द बोलला नव्हता.

हा माझा दोर नव्हे, म्हणाला.
याचं ग्रीस पिवळं आहे. हा डाव्या विंचचा.
मागच्या महिन्यात टोक छाटलं होतं त्याचं.
आणि डावी विंच तर

पत्र्यापलीकडची घरघर तेव्हा सगळ्यांना ऐकू आली.
ओस्वाल्दोचा भाचा एकटाच बोट वर ओढत होता.
मिलेन्का दाराबाहेर पोचली होती, कोटाशिवाय,
आणि वाऱ्यात तिचा एकच शब्द गेला,
त्यांच्याकडे आधी येतो तो.

विंच थांबली.
आत येर्को अजून बोलत होता,
आणि सान्तियागोची माणसं लिहून घेत होती.