करंगळी

एक दहा. पहिली.
बाथरूमच्या दिव्याची दोरी ओढल्याचा टक्क,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग टाकीचा खळखळाट.
मी पांघरुणात एक बोट मिटते.

दोन चाळीस. चार पाच. पाच वीस.
न्यूपोर्टातले सीगल ओरडायला लागेपर्यंत
चार बोटं मिटलेली.
अंगठा मी तसाच ठेवते,
शकुनाला.

वय झालं, हे म्हणाले.
मी म्हटलं, उन्हाळी लागली असेल.
वेल्समध्ये कसली उन्हाळी, जूनमध्ये हीटर लावणारी माणसं आपण!
तरी मी धने-जिरे भिजवले,
सकाळी गाळून तांब्याभर पाजले,
दुपारी बार्लीचं पाणी, संध्याकाळी पुन्हा धन्याचं.
सहा आठवडे.

मोज्यांची नक्षी घोट्यावर उठायला लागली होती.
बोट दाबलं की खळगा पडायचा
आणि भरून यायला वेळ घ्यायचा,
मुरलेल्या पुरणपोळीच्या कणकेसारखा.
दोघांनी वाकून तो खळगा पाहिला
आणि कमर्शियल स्ट्रीटवर जाऊन
अर्धा नंबर मोठे बूट आणले.

नर्सचं नाव शान.
तिच्या खिडकीबाहेर अस्क नदीचा नुसता चिखल,
भरती यायची होती.
हाउ आर द वॉटरवर्क्स, मिस्टर पानवलकर?
आणि ह्यांनी, चिपळूण नगरपालिकेच्या पाणीखात्यात
सात वर्षं व्हॉल्व सोडलेल्या माणसानं,
गंभीरपणे सांगितलं,
मी होतो तोवर तरी दिवसाआड यायचं.

मग काय विचारलं ते त्यांना कळलं
आणि कान लाल झाले.
सेहेचाळीस वर्षांत लघवी हा शब्द
माझ्यापुढेही त्यांनी उच्चारलेला नाही.
इंग्रजीतला माहीत होता, जिभेवर येईना.
शेवटी, एकाहत्तराव्या वर्षी,
मांडीवरचा हात जरासा उचलून
त्यांनी करंगळी दाखवली.

शानला वाटलं, बोट दुखतंय.
तिनं ते हातात घेतलं, नख दाबून पाहिलं,
पुन्हा दाबलं,
आणि मग तिची नजर खाली गेली,
नव्या बुटांच्या सुटलेल्या नाड्यांकडे.

झोपताना उशा किती घेता?
तीन, मी म्हटलं.
पूर्वी?
मी रात्रभर बोटं मोजत होते.
उशा मोजायचं मला सुचलं नव्हतं.

नंतरच्या महिन्यात रक्त, फोटो, छातीवर थंडगार जेल,
आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढलेलं हृदय,
कोंब आलेल्या बटाट्यासारखं.
दिवसभर पाणी पायांत उतरून राहतं.
माणूस आडवा झाला की ते परत निघतं
आणि रात्रभर दार वाजवतं.
मूत्राशय बिचारं उठून कडी काढतं, इतकंच.

"पंप थकलाय," हे मला मराठीत म्हणाले,
"वरच्या आळीला चढत नाहीये."
इतक्या शांतपणे, की जणू
तक्रार दुसऱ्याच कुणाच्या घरातून आली होती.

आता श्रीखंडाचं दूध मोजायचा जग बाथरूममध्ये असतो
(मी नवा आणला, त्यांना जुनाच वाचता येतो),
शेजारी वही, पाणीखात्याच्या अक्षरात:
वेळ, मिली, शेरा.
शेऱ्यात एकदा लिहिलंय, पाऊस.
पाण्याची गोळी सकाळी, म्हणून बाराच्या आत कुठे जायचं नाही.
प्यायला दिवसाला दीड लिटर, चहा धरून.

धन्याची बरणी मी मागच्या फळीवर सारली.
तुम्हाला कसं कळणार होतं, शान म्हणाली.
हे काहीच म्हणाले नाहीत.
बुधवारी आमटीला धने लागले तर
स्वतःच स्टुलावर चढून बरणी काढून दिली,
धापा टाकत.
मी ओरडले.

काल रात्री एकदाच. दोन पाच.
तीनला मी जागी. चारला जागी.
दोरी वाजत नाही.
शेवटी मिटलेलं बोट तसंच ठेवून
हात त्यांच्या छातीवर नेला.

चालू होतं, आपल्या चालीनं.
"मोजू नकोस," हे झोपेतच म्हणाले.
उशा अजून दोन आहेत.