सतरा सोडून

फाईल एकच. तीनशे बारा ओळी.
चांदिवलीत चौथ्या मजल्यावर चाळीस यंत्रं
रात्री दोनला ती उघडतात
आणि स्वतःला ताडून बघतात:
घड्याळ कुणाचं मानायचं, दार कोणतं उघडं ठेवायचं,
आत कुणाला घ्यायचं.
नसेल ते आणायचं, चुकलं असेल ते पुसायचं,
सगळं जागच्या जागी असेल
तर काही न करता पुन्हा कामाला लागायचं.

पूर्वी हे हातानं व्हायचं.
तुस्कानो सर रॅकपुढे स्टूल टाकून
एकेकाला कीबोर्ड जोडत.
एकदा पहाटे एकोणतिसाव्याला अठ्ठाविसाचा पत्ता दिला,
दोघं एकाच नावानं ओ देऊ लागले.
सर म्हणाले, पुरे.
आता एकदाच लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं.

या फाईलला समास लागतो.
डावीकडून दोन जागा. तीन नाही.
एक जास्त पडली तर अर्थ
आपल्या घरातून उठून शेजाऱ्याकडे जाऊन बसतो.
ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी लागायचं.
इथे कोरी जागा पुरते.

दोनशे आठवी ओळ:
जुनी बोली बंद. सगळ्यांना लागू, सतरा सोडून.

कारण लिहिलेलं नाही.
सर मार्चमध्येच नोकरी सोडून नंदाखालला गेले,
केळी लावतात.
आणि मला अपवाद खुपतो.
तांदळातला खडा वेचावा तसे
ते दोन शब्द मी उचलून टाकले.

दोन वाजता पडद्यावर:
पंधरा, बदल नाही.
सोळा, बदल नाही.
सतरा, बदल झाला.
अठरा, बदल नाही.
चाळीसच्या चाळीस एका सुरात.
मी चहा घ्यायला गेले, साखर जरा जास्तच घातली.

दोन चाळीसला फोन.
"शीवच्या रक्तपेढीतून वाघधरे. लेबलं निघत नाहीयेत मॅडम."
कोणता प्रिंटर?
"जुना. सुया वाजतात तो."
त्याच्यामागे कुणीतरी बाई विचारत होत्या, बी निगेटिव्ह आहे का,
आणि तो फोन बाजूला धरून सांगत होता,
आहे हो, आहे, जरा थांबा.
पिशवी त्याच्या समोर होती
आणि तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

सतरा इतकी वर्षं
त्या एका म्हाताऱ्या प्रिंटरशी
त्याच्या बोलीत बोलत होतं.
मी सुरक्षेसाठी त्याचं तोंड बंद केलं होतं.

ते दोन शब्द परत लिहिले.
दोन जागा सोडल्या का, बोटानं मोजून पाहिलं, पडद्याला डाग पडला.
सतरापुरतं चालवलं. फोन कानालाच होता.
आधी काही नाही.
मग करकर. थांबून, पुन्हा करकर.
"निघालं," वाघधरे म्हणाला, आणि ठेवूनच दिला.

ओळीआधी जाळीची खूण केली
की यंत्र ती न वाचता पुढे जातं.
तशा तीन ओळी मी वर घातल्या:
शीव रक्तपेढीचा जुना प्रिंटर सतरावर आहे.
तो बदलेपर्यंत या ओळीला हात लावू नये.
शंका आल्यास रात्रपाळीत वाघधरेंना विचारावं.

सहाला सरांना फोन लावला.
मागे पंप चालू होता.
"सतरा सोडून असं लिहिलं होतं की मी."
सर, का ते नव्हतं लिहिलं.
बराच वेळ नुसता पंप.
मग म्हणाले,
"मला वाटायचं, मी आहेच की."