सव्वा मिनिट

खल्फानच्या वहीत पाणी कोरडं असतं.
निळ्या शाईत, उजवीकडून डावीकडे,
कुणाचं अर्धं, कुणाचं पाऊण, कुणाचं पाव.
ओमानच्या या गावात अर्ध्या तासाला अथर म्हणतात,
आणि अथर म्हणजे पाणीच.
डोंगराच्या पोटातून निघालेला पाट
आठव्या दिवशी हमूदच्या बागेशी येतो,
पूर्वी रात्री ताऱ्यांवर मोजायचे,
आता खल्फानच्या मोबाईलवर.

खापरपणजोबाचा एक अथर. पुरता.
त्याला मुलगे तीन. तिघांना चार-चार.
त्या बारांना दोन-दोन.
इतकं सारखं कुठं घडतं?
वहीत तरी घडलंय.
मुलींनी आपापलं पाणी भावांना सोडलं,
त्याची वहीत ओळ नाही.

हमूद गुडघ्यानं अडलेला, म्हणून पाळीला झुवैना येते.
ती सहावीत आहे. बाईंनी शिकवलंय:
वरचे वरच्यांशी गुणा, खालचे खालच्यांशी.
तीन चोक बारा, बारा दुणे चोवीस.
वर अंश एकटाच, काडीसारखा उभा,
खाली छेद फुगत गेलेला.
"गुणलं की वाढतं ना?"
"एकाहून मोठ्यानं गुणलं तर.
तुकड्यानं गुणलं की झिजतं."

अथराचा चोविसावा भाग: सव्वा मिनिट.

ती दगड सरकवते, चिंधी उपसते.
पाणी चारीत शिरतं, आधी वाळूच ते पिते,
मग लिंबाचं आळं जेमतेम ओलं,
खजूर अजून चार हात लांब,
तेवढ्यात खल्फान म्हणतो, "बंद."
त्याचा आवाज कडू नाही. घड्याळासारखा आहे.

पुढच्या आठवड्यात भागाकार.
एकाला एक छेद चोवीसनं भागा.
दुसऱ्याला उलटं करा, मग गुणा.
फळ्यावर चोवीस डोक्यावर चढून बसतो
आणि बाई म्हणतात, याचं नाव व्यस्त.
झुवैनाला पटत नाही.
भागायचं आणि वाढायचं? मग कापलं काय?
बाई खडू ठेवतात.
"कापू नकोस. नुसतं विचार.
एका अथरात तुझं ते इवलंसं किती वेळा मावतं?"

चोवीस वेळा.
चोवीस कोण, ते वहीत आहे.

बापाच्या फोनवरून ती लावत सुटते.
मस्कतला एक, सोहारला चौघे, दुबईत किती तरी,
एक झांझिबारात, त्याला अरबी अडखळत येते.
"घेऊन टाक, पोरी," सैफ काका हसतो,
"मी नळाखाली दात घासतो ना,
तेवढ्यात सव्वा मिनिट जातं."
असे एकोणीस हो.
तीन नंबर व्यस्त. पुन्हा लावले, पुन्हा व्यस्त.
(हे वेगळं व्यस्त. हे उलटं करून काही हाती लागत नाही.)
आणि एकानं विचारलं, "भाव काय चाललाय?"

एकोणीस आणि घरचा एक.
वीस छेद चोवीस.
चारनं वर काट, चारनं खाली काट,
पाच छेद सहा.
ती खल्फानला कागद दाखवते.
तो चष्मा कपाळावर नेतो, परत खाली आणतो,
एकोणीस जणांना स्वतः फोन करतो,
दोन दिवस लागतात त्याला,
मग लिहितो: पंचवीस मिनिटं.

त्या आठव्या दिवशी पाणी लिंब ओलांडतं,
पहिला खजूर, दुसरा, मधला वाकडा तिसरा,
लसूणघासाच्या वाफ्यात पसरून चक्क थांबतं,
जणू जागा सापडली.
हमूद खाटेवरून मान उंच करून बघतो,
"कुणाचं आहे एवढं?" दोनदा विचारतो.

"बंद."

उरलेली पाच मिनिटं
मशिदीच्या हौदाकडे निघून जातात,
तीन व्यस्त आणि एक भाव.

पाय धुताना झुवैना विचारते,
"खल्फान काका, मुलींचे वाटे धरले असते
तर छेद किती झाला असता?"
खल्फान पेनाला टोपण लावतो. काढतो.
मग वही मांडीवर ठेवून
बोटांच्या पेरांवर
आपल्याच बहिणी मोजू लागतो.