परतीची ढील

नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे गेला
आणि स्टेइन्थोरनं जेवणाचं टेबल बळकावलं.
इसाफ्योर्दुरमध्ये पुढचे दोन महिने ऊन उतरत नाही.
कुणी पत्त्यांत रमतं, कुणी बाटलीत,
माझ्या नवऱ्यानं उजेडानं लाकूड कापायचं ठरवलं.

ट्यूब आली, आरसे आले,
भिंग मी बटणांच्या डबीत जपून ठेवलं.
अडलं एकाच गोष्टीपाशी:
हा उजेड इकडून तिकडे न्यायचा कशानं?

थोर्गिल्स आला, बोटीवरचा जुना जोडीदार.
रॅक आणि पिनियनच्या बाजूनं भांडला,
"दातात दात बसला की विषय संपला!"
तीन कप कॉफी प्यायला
आणि एवढंसं यंत्र बघून आपणच गप्प झाला.

बॉलस्क्रूची किंमत स्टेइन्थोरनं सांगितली नाही.
पाकिटामागे लिहिलेली मी वाचली
आणि पाकीट होतं तसं पालथं ठेवलं.

उरला साधा स्क्रू, मीटरभर लांब.
त्यावर त्याचा जीव.
एकतीस वर्षं ट्रॉलरवरच्या विंचेशी संसार केलेला माणूस;
"दोर ताणतो," म्हणायचा,
"दोरावर विसंबून एकाची दोन बोटं गेली.
पट्टा म्हणजे दोरच, फक्त दात आलेला.
स्क्रू सावकाश जातो, पण शब्द पाळतो."

फक्त परतताना नाही.
उलटा फिरवला की नट क्षणभर
जागचा हलत नाही. केसभरच. मग निघतो.
त्यानं मला दाखवलं:
मूठ फिरते आहे, डायलची सुई गप्प.
"ही परतीची ढील," म्हणाला.

मला माहीत आहे ती.
फेरी संपवून तू दारात उभा असायचास,
बूट काढलेले, पिशवी खाली,
आणि दोन दिवस घरात कुणीच आलेलं नसायचं.
पोरं तुझ्याभोवती फिरफिर फिरायची.
सुई हलायची नाही.

हे मी बोलले नाही. विचारलं एवढंच,
"कापताना लाकूड उलट ढकलतं का?"
"छे. काही टेकतच नाही त्याला."
"मग त्या आरशाचं वजन किती?"
तो स्वयंपाकघरातला काटा घेऊन आला.
आरसा, भिंग, पितळेची नळी:
एकशे ऐंशी ग्रॅम. लोण्याच्या वडीहून कमी.
काट्याकडे तो बराच वेळ बघत राहिला,
कॉडनं फुगलेली जाळी ओढून ओढून
खांदा निकामी झालेला माणूस.

पट्टे रेक्याविकहून आले,
वाऱ्यानं विमान दोनदा माघारी गेल्यावर.
काळे, करंगळीहून अरुंद, पोटात काचेचं सूत.
दोन बाजूंना दोन. ताण सारखा हवा,
नाहीतर मधला पूल तिरका धावतो.
त्यानं डावा छेडला, मग उजवा.
मी चर्चच्या वृंदात खालच्या पट्टीत गाते;
भांडी विसळता विसळता म्हणाले,
"उजवा अर्ध्या सुरानं उतरलाय."
पाना फिरला. "आता?"
"अजून."
"आता?"
"हं. राहू दे."

पहिलं वर्तुळ मिटलंच नाही.
निघाल्या जागी परत येताना
पापणीच्या केसाएवढी फट.
त्यानं पट्ट्याला शिव्या घातल्या, थोर्गिल्सला फोन केला,
आणि रात्री एक वाजता सापडला
पुलीवरचा तिळाएवढा स्क्रू, सैल.
सकाळी पट्ट्याबद्दल काही बोलला नाही.

पंचवीस जानेवारीला सोलगातावर ऊन आलं.
समोरच्या पिवळ्या पत्र्यावर, मोजून काही मिनिटं.
रिवाजाप्रमाणे मी पॅनकेक करत होते,
गल्लीभर लोणी करपल्याचा वास.
गॅरेजचं दार वाजलं. तो आत आला,
हातात जळक्या कडेची गोल चकती,
ती माझ्या कपाखाली सरकवली,
आणि बूट काढायच्या आधीच म्हणाला,
"साखर कुठंय?"